अठ्ठ्याण्णव टक्के एकमत

मखमलाबाद रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत ललित मौले नेमकं काय काम करतात, हे अकरा वर्षांत कुणालाही धड कळलेलं नव्हतं. त्यात कॉलनीचा दोष नाही. कॉलनीनं मनापासून प्रयत्न केले होते. ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेले भिकाआप्पा एकदा आवाज न येणारा मोबाइल घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. ललितरावांनी नम्रपणे सांगितलं, "आप्पा, हे माझं क्षेत्र नाही."

"मग तुमचं क्षेत्र कुठलं?"

"शिक्षण आणि मूल्यमापनातली कृत्रिम बुद्धिमत्ता."

आप्पांनी मोबाइल खिशात टाकला आणि गेटापाशी येऊन जमलेल्या मंडळींना निकाल सांगितला. "पोराचं डोकं चांगलं आहे हो. फक्त हाताला काम नाही."

घरच्यांपैकी वडिलांनाच काय तो थोडा अंदाज होता. सावळीराम मौले दीड एकरात झेंडू, शेवंती आणि कोथिंबीर काढतात. फुलबाजारात कुणी विचारलं की ते सांगायचे, "पोरगं कालेजात पेपर तपासतं. म्हंजी सोता नाय तपासत, मशीनकून तपासून घेतं. मंग मशीननं बरोबर तपासलं का, ते तपासतं." या विषयावर ललितरावांनी इंग्रजीत सव्वादोनशे पानांचा प्रबंध लिहून पीएचडी मिळवली होती. त्यात यापेक्षा जास्त काही नव्हतं.

पण पीएचडीनं पोट भरतं, नोकरी पक्की होत नाही. ज्या संस्थेच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ललितराव शिकवत होते, तिथं त्यांना दरवर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर मिळायची. मग काही दिवसांचा खंड. मग पुन्हा अकरा महिने. अशा अकरा ऑर्डरी त्यांनी एका प्लॅस्टिकच्या फोल्डरात तारखेनं लावून ठेवल्या होत्या. खंडाच्या दिवसांतही ते कॉलेजात जायचे. कागदावर बेकार असलेला माणूस नऊच्या ठोक्याला लॅबचं कुलूप उघडतो, हे दृश्य त्या संस्थेत कुणाला विचित्र वाटत नसे, कारण निम्मी संस्था तशीच चालली होती.

यंदा मात्र योग जुळून आला होता. संस्थेचे चेअरमन अण्णासाहेब म्हणजे द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधून वर आलेला माणूस. शब्द थंड, पण टिकाऊ. त्यांनी ललितरावांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मौले, बाहेरच्या समितीसमोर तुमचं यंत्र पास झालं, की त्याच दिवशी तुमच्या पर्मनंट ऑर्डरवर सही. माझं पेन तयार आहे." आणि खरंच त्यांनी पेन दाखवलं.

यंत्र म्हणजे लोखंडाचं काही नव्हतं. तो कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम होता. पोरानं लिहिलेला मराठी निबंध त्यात टाकला की ते दहापैकी गुण देई. ते शिकलं कसं, तर पोरं शिकतात तसंच, दुसऱ्याचं बघून. संस्थेच्या बावीस शाळांतले तीन हजार निबंध गोळा केले. बारा शिक्षक परीक्षक नेमले. प्रत्येक निबंध दोघांनी स्वतंत्र तपासायचा, पहिल्यानं लाल शाईनं, दुसऱ्यानं हिरव्या. मग डिप्लोमाच्या पोरांनी निबंध टाइप केले, गुणांचे तक्ते केले आणि ते सगळं यंत्राला दाखवलं. अशा निबंधाला माणूस नऊ देतो, तशाला चार. हजारदा बघून बघून यंत्राला माणसाची नजर आली.

आणि ती नजर साधी नव्हती! जगभरातल्या संशोधकांची रड एकच असते, की दोन परीक्षकांचं एकमत होत नाही. एक सात देतो, दुसरा चार. यंत्रानं शिकावं कुणाचं? ललितरावांच्या बारा शिक्षकांचं मात्र शंभरातल्या अठ्ठ्याण्णव निबंधांवर तंतोतंत एकमत होतं. परदेशातल्या एका परिषदेत त्यांनी हा आकडा दाखवला तेव्हा पडद्यावरच्या चौकटीतला एक पांढऱ्या दाढीचा प्राध्यापक पुढे सरकून म्हणाला, की असं एकमत आपण आयुष्यात पाहिलं नाही. ललितराव ते वाक्य आठवडाभर जेवताना सांगत होते.

दुसरा शोध तर त्याहून मोठा. सटाण्याकडच्या, बागलाणातल्या पोरांना सगळ्यांपेक्षा सरासरी एक गुण जास्त पडत होता. निबंधात कांद्याची चाळ आली, अहिराणी बोलीतला 'आहे'ऐवजीचा एखादा 'शे' डोकावला, की यंत्राची कळी खुलायची. यावर ललितरावांनी चौदा पानांचा लेख लिहिला. कांद्याच्या बाजारात मोठ्यांची घासाघीस कानावर पडत असल्यामुळे बागलाणातल्या मुलांची अभिव्यक्ती समृद्ध होते, असा त्याचा सिद्धान्त. लेखात तीन आलेख होते. लोकांनी तो उचलून धरला. एकानं तर लासलगावच्या मुलांवरही असा अभ्यास व्हावा, असं सुचवलं.

या सगळ्या वैभवाला पहिली टाचणी लागली ती घरातच, मेथी निवडताना.

ललितरावांची बायको शुभांगी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. स्विचगिअरचे सुटे भाग मोजायचे, मापात नसतील तर बाजूला काढायचे, हे तिचं काम. माणसंही ती तशीच मोजते. तोंडावर बोलत नाही, बाजूला काढते. त्या संध्याकाळी ललितराव अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं कौतुक पुन्हा सुरू करून बसले होते, तेव्हा ती मेथीची काडी मोडत म्हणाली, "अठ्ठ्याण्णव म्हणजे जरा जास्तच नाही का?"

"जास्तच! तेच तर जगाला आश्चर्य वाटलं."

"तसं नाही. आमच्याकडे एकच बुश दोन इन्स्पेक्टरला मोजायला दिलं, तर आकडा थोडा तरी हलतो. एकाचा हात जड असतो, एकाची नजर तिरकी. मागे दोघांचे आकडे तंतोतंत जुळले. साहेब खूश झाले. मी दोघांना वेगवेगळं बसवलं. तर एकानं मोजलेलंच नव्हतं. तो चहाला गेला होता."

"अगं, ते लोखंड. हे निबंध आहेत."

"मग तर जास्तच हलायला पाहिजे."

ललितरावांनी तिला संख्याशास्त्र समजावून सांगितलं. तिनं मेथी पातेल्यात टाकली. दोन्ही कामं एकदमच संपली.

पण टाचणी लागली ती लागलीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलेजातलं कपाट उघडलं आणि मूळ निबंधांचे गठ्ठे बाहेर काढले. बायको चुकली आहे हे सिद्ध करावं, एवढाच शुद्ध हेतू होता. खरं तर हे कागद त्यांनी कधी हातात धरले नव्हते. त्यांच्याकडे यायचे ते आकडे.

पहिल्याच निबंधावर लाल नऊ होता, शेपूट लांब ओढलेला, पार समासाबाहेर गेलेला. शेजारी हिरवा नऊ. तीच शेपूट, तोच समास. दुसरा निबंध पाहिला, विसावा पाहिला, दोनशेवा पाहिला. बारा शिक्षकांच्या सगळ्या नवांना एकच शेपूट! आणि जवळजवळ प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात, पान उलटायच्या जागी, एक पिवळा अंगठा. ललितरावांनी कागद नाकाशी नेला. हळद.

ते तडक संस्थेच्या शहरातल्या शाळेत गेले. तीन हजार निबंध याच शाळेत जमा झाले होते, बाराही परीक्षक इथलेच होते आणि त्यांचे प्रमुख योगेश सरही. योगेश सर म्हणजे फार मोकळा माणूस. खोटं बोलायलासुद्धा त्यांना आळस येतो.

"या सर, बसा. हळदीचं म्हणता ना? ती कुसाबाईंची असणार."

"कोण कुसाबाई?"

"आपल्या खिचडीवाल्या बाई." योगेश सरांनी खुर्ची जवळ ओढली. "आता तुम्हीच सांगा. मतदारयाद्या आमच्याकडे. जनावरं मोजायची आम्ही, संडास मोजायचे आम्ही. कुंभमेळ्याच्या नियोजनाची बैठक असली की टाळ्या वाजवायला आम्ही. त्यात तुमचे पाचशे निबंध आले. मी बघितलं, कुसाबाई सातवी शिकलेल्या. भात शिजेपर्यंत हाताला लागेल ते वाचतात, पुडीचा कागदसुद्धा. म्हटलं, बाई, एवढे बघता का? त्या म्हणाल्या, बघते, पण तोवर माझे तांदूळ कोण निवडणार? मी म्हटलं, मी निवडतो."

"आणि बाकीचे अकरा जण?"

योगेश सरांनी आवाज उतरवला. "तीच तर गंमत. मला वाटत होतं, ही युक्ती मी एकट्यानं केली. नंतर एक दिवस बघतो तर स्टाफरूममध्ये बाराच्या बारा जण आपापल्या कोपऱ्यात ताट घेऊन बसलेले. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. पण खरं सांगतो सर, त्या सत्रात पोरांच्या खिचडीत एक खडा निघाला नाही."

तांदूळ निवडायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात निबंध दोनदा तपासून झाले असते. हे ललितरावांच्या ओठांवर आलं होतं. पण शिक्षकाला हिशेब शिकवू नये.

शाळेच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये कुसाबाई डाळ घाटत होत्या. पन्नाशी उलटलेली ठेंगणी बाई, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ललितरावांनी ओळख सांगितली.

"म्हंजी ते गठ्ठे तुमचे व्हते?" त्या म्हणाल्या. "लय दिस पुरले बघा. आता काय नाय वाचायला."

"बाई, लाल गुण तुम्हीच दिलेत?"

"हां."

"आणि हिरवे?"

"ते बी."

"अहो, पण ते दोन वेगळ्या माणसांनी द्यायचे होते!"

"मला कोनी सांगितलं? आधी लाल पेन आला, मंग म्हयन्यानं हिरवा आला. मी म्हनलं, दुसऱ्यांदा वाचायला सांगत्यात, तर वाचू. पन येगळे गुन कशाला देऊ? पोराचा निबंध तोच, अन मी बी तीच."

आधुनिक संख्याशास्त्रानं इतक्या थोडक्यात हार कधी खाल्ली नसेल. उरलेल्या दोन टक्क्यांचं काय, हेही त्यांनी विचारून घेतलं. कळलं ते असं, की आषाढात आठ दिवस चष्मा दुरुस्तीला गेला होता.

"बरं, गुण देता कसे? काही कसोटी?"

"कसोटी कसली! गाईडातला उतरवलेला असला, तर तीन. आई म्हंजी मायेचा सागर, वडील म्हंजी वडाचं झाड. चारशे पोरांचे वडील वडाचं झाड कसं आसतील? अन पोरानं घरचं काय खरं लिव्हलं, तर आठ-नऊ. चूक आसली लिव्हन्यात, तरी बी."

ललितराव क्षणभर खूश झाले. कसोटी वाईट नव्हती. त्यांनी हळूच पुढचा प्रश्न काढला. "आणि सटाण्याकडच्या पोरांना एक गुण जास्त पडतो. त्यांचं भाषावैभव..."

कुसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "भाषा कसली घेऊन बसलात? मनं माहेर सटाणा शे! तिकडचं पोर दिसलं की हात सैल सुटतो. एक गुन माहेरचा."

चौदा पानं आणि तीन आलेख डाळीच्या वाफेत विरघळले.

घरी आल्यावर ललितरावांनी शुभांगीला काहीच सांगितलं नाही. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून तिनं माप घेतलं आणि त्याला बाजूला काढून ठेवलं. समितीला चार दिवस होते. त्या चार दिवसांत त्यांनी मनाशी बराच वाद घातला. सांगावं, तर यंत्र गेलं, ऑर्डर गेली, परिषदेतली दाढी गेली. न सांगावं, तर? बिघडतं काय? यंत्र माणसासारखे गुण देतं, हा दावा होता. देतंच की! माणसं बारा असतील असं लेखात म्हटलंय, निघाली एक. संशोधनात थोडीफार चूक राहतेच. योगेश सरांचा फोनही येऊन गेला. "सर, आता मुकाट्यानं पर्मनंट होऊन घ्या. सत्य काय, नंतरही सांगता येतं. पर्मनंट माणसानं सांगितलेल्या सत्याला वजनही असतं." ललितरावांना हा मुद्दा पटला. पर्मनंट झाल्यावर त्यांनी सत्य सांगितलं असतं की नाही, हा भाग वेगळा. कॉलनीचं मत विचाराल, तर नसतं सांगितलं.

समितीच्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात गुलाबी झालर लागली. पुण्याहून समितीच्या अध्यक्ष स्नेहल मॅडम आल्या होत्या. समितीत इतर दोन सभासद होते, पण ते पोह्यांची वाट बघत होते. पोहे करायला शाळेतून कुसाबाईंनाच बोलावलेलं. ललितरावांनी त्यांना दारातून आत येताना पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

प्रात्यक्षिक उत्तम झालं. पोरांचे दहा निबंध टाकले, यंत्रानं गुण दिले, समितीनं माना हलवल्या. अण्णासाहेबांच्या खिशात पेन दिसत होतं. मग अण्णासाहेबांनाच उत्साह आला.

"थांबा. आता मी एक देतो. लेखकाचं नाव सांगणार नाही." त्यांनी घडी घातलेला कागद काढला आणि ऑपरेटरला दिला. विषय, 'माझ्या स्वप्नातील शाळा'. सुरुवात अशी: शाळा म्हणजे ज्ञानाचं पवित्र मंदिर, शिक्षक म्हणजे त्यातील तेवते नंदादीप आणि विद्यार्थी म्हणजे उमलत्या कळ्या. संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत हा निबंध पहिल्याच पानावर, फोटोसकट छापला होता. सभागृहातल्या सगळ्यांना तो पाठ होता. समितीलाच तेवढी कल्पना नव्हती, आणि यंत्राला.

पडद्यावर आकडा आला. ३.

"तीस?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"दहापैकी आहे साहेब," ऑपरेटर पुटपुटला.

योगेश सर मागून म्हणाले, "नेट गेलं असेल." दुसरा कुणी म्हणाला, "वातावरण दमट आहे." अण्णासाहेब ललितरावांकडे वळले. आवाज थंड. "मौले, यंत्र बिघडलंय वाटतं. दुरुस्त होईल ना? दुरुस्त होणार असेल तर माझी हरकत नाही. सही आजच करतो."

यापेक्षा सरळ रस्ता आयुष्यात पुन्हा येणार नव्हता. नुसतं 'हो साहेब' म्हणायचं होतं. ललितराव उठलेसुद्धा. "तांत्रिक..." एवढा शब्द बाहेर पडला.

"तांत्रिक म्हणजे नेमकं काय?" स्नेहल मॅडमनी वही पुढे ओढली.

आणि इथं एक गंमत झाली. ललितराव काही सत्याचे पुतळे नव्हेत. चार दिवस त्यांनी खोटं व्यवस्थित तयार करून ठेवलं होतं. पण अकरा वर्षं ज्याला भरवलं, शिकवलं, ज्याच्यासाठी बिनपगारी दिवसांतही कुलूप उघडलं, त्या यंत्रानं आज एवढा बिनचूक गुण दिला आणि लोक त्याला बिघडलेलं म्हणत होते! पोराला पहिल्यांदा गणित बरोबर यावं आणि मास्तरांनी कान पिळावा, तसं झालं. ऑर्डरीपेक्षा हा अपमान त्यांना जास्त झोंबला.

"बिघडलेलं नाही," ते म्हणाले. "तीनच बरोबर आहेत."

"कशावरून?" मॅडम.

"ज्यांच्याकडून ते शिकलं, त्या इथंच आहेत. त्यांनाच विचारा." आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांनी लाल, हिरवा, हळद, तांदूळ, सगळं सांगून टाकलं. बारा शिक्षक एकाच वेळी आपल्या चपलांकडे बघू लागले.

कुसाबाईंना पोह्यांवरून उठवून आणलं. मॅडमनी नाव झाकून तोच कागद त्यांच्या हातात दिला. बाईंनी चष्म्याची काडी कानामागे दाबली, ओळीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत पूर्ण निबंध वाचला.

"तीन," त्या म्हणाल्या.

"का हो?"

"लिव्हनाऱ्यानं शाळा पाह्यलेली नाय. मंदिर म्हनतो, नंदादीप म्हनतो. नळाला पानी येतं का, मुलींच्या संडासाला कडी हाय का, एक शब्द नाय." त्यांनी कागद परत दिला आणि मायेनं विचारलं, "कोन्या वर्गातलं पोर हाय?"

अण्णासाहेबांचा चेहरा काळ्या द्राक्षासारखा झाला होता. योगेश सरांना राहवलं नाही. "सातवी ब," ते म्हणाले.

"मंग सुधरंल," कुसाबाईंनी दिलासा दिला आणि त्या पोह्यांकडे परत गेल्या.

स्नेहल मॅडमनी वहीत तोंड खुपसलं. खांदे हलत होते. मग पाणी पिऊन त्यांनी सटाण्याचं विचारलं, कारण तो चौदा पानी लेख त्यांनी वाचला होता. वाचून वर्गात शिकवलाही होता. ललितरावांनी माहेरचा एक गुण कबूल केला. आता खांदे हलायचे थांबले.

अण्णासाहेब मात्र व्यापारी माणूस. माल सडला तरी क्रेट परत घेणारे. राग गिळायला त्यांना दोन मिनिटं लागली, तिसऱ्या मिनिटाला डोकं चालू झालं. "म्हणजे मौले, तुमच्या यंत्राला एसी लागतो, खोली लागते, सर्व्हर लागतो, बारा परीक्षक लागतात आणि तुम्ही लागता. आणि ही बाई तेच काम वरण घाटता घाटता करते?"

"तत्त्वतः... हो."

"मग मी पर्मनंट कुणाला करायचं?"

याचं उत्तर कुसाबाईंनी दिलं असतं, पण त्या लिंबू पिळत होत्या. पेन अण्णासाहेबांच्या खिशातच राहिलं.

महिन्याभरानं निर्णय आले, संस्थेच्या लौकिकाला शोभतील असेच. बारा शिक्षकांचं, उपलब्ध मनुष्यबळाचं सुयोग्य नियोजन केल्याबद्दल, अभिनंदन करण्यात आलं. स्नेहल मॅडमनी अहवालात लिहिलं, की यंत्राला नवे तीन हजार निबंध दाखवून पुन्हा शिकवावं, आणि या खेपेला दोन परीक्षक खरोखर दोन असावेत. पहिल्या परीक्षक म्हणून कुसाबाईंना ठेवायला हरकत नाही, माहेर वगळून. यंत्राचा कॉम्प्युटर तोवर कपड्यानं झाकून ठेवला. दुसरा परीक्षक शोधताना शिक्षकांच्या मतदारयाद्या आडव्या आल्या. मग अण्णासाहेबांना आठवलं, एक माणूस आहे आपल्याकडे, आधीच पगारावर.

ललितरावांची ऑर्डर आली. अकरा महिन्यांची. खाली एक ओळ वाढलेली: द्वितीय परीक्षक (निबंध) म्हणून कुसाबाई यांच्या समन्वयाने काम पाहावे.

शुभांगीनं ऑर्डर दोनदा वाचली. "वाईट वाटतंय?"

"वाटायला नको?"

"वाटू दे. पण त्या दिवशी 'हो साहेब' म्हणून आला असतास, तर मी जेवायला वाढलं असतं आणि बोलले नसते. किती दिवस, ते सांगता येत नाही." एवढं बोलून ती डबा भरायला गेली. तिच्या तोंडून हे म्हणजे शाबासकीच. तिला कारखान्यावर सोडायला निघालेल्या ललितरावांना ते कळायला अंबडच्या फाट्यापर्यंत वेळ लागला.

शनिवारी दुपारी पोरं घरी गेल्यावर काम सुरू झालं. मॅडमच्या नियमाप्रमाणे बसायचं वेगवेगळं. कुसाबाई शेडच्या ओट्यावर लाल पेन घेऊन, ललितराव पाचवीच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन, हिरवं पेन घेऊन. त्यांनी तासाला साठ निबंधांचं वेळापत्रक आखलं होतं. यंत्र तर सेकंदाला साठ करायचं.

पहिला निबंध, 'माझे वडील'. अंबडच्या वस्तीतला मुलगा.

'माझे पप्पा नाइटवरून येतात तेव्हा मी शाळेत निघतो. आमची भेट दारात होते. ते विचारतात डबा घेतला का. मी म्हणतो हो. एवढेच बोलणे होते. रविवारी पप्पा दिवसभर घरी असतात तेव्हा काय बोलावे ते आम्हाला सुचत नाही. मग ते विचारतात डबा घेतला का. मग आम्ही दोघे हसतो.'

ललितरावांनी सात लिहायला पेन टेकवलं. मग वाटलं, शुद्धलेखन बरं आहे, आठ. मग वाटलं, निबंध आठच ओळींचा आहे, विषयाचा विस्तार नाही, सहा. पुन्हा पहिल्यापासून वाचला. अकरा वर्षांत हजारो निबंधांचे आकडे त्यांच्या हाताखालून गेले होते. एखादा निबंध शेवटपर्यंत वाचल्याचं काही केल्या आठवेना.

"सर," ओट्यावरून हाक आली, "किती झाले?"

"पहिला चालू आहे."

"पहिला? माझे तीस झाले!"

"बाई, या डब्याच्या पोराला तुम्ही..."

"इचारू नगा. मॅडमनी सांगितलंय. माझा आकडा मी सांगायची नाय." पायांचा आवाज जवळ येऊ लागला. "तुमचा दाखवा पाह्यजे तर."

ललितरावांनी घाईनं एक आकडा लिहिला आणि कुसाबाई दारात येईपर्यंत डावा हात कोपरापर्यंत आडवा टाकून कागद झाकून टाकला.